निम्मं माफ

आमच्या कारखान्यात कामगाराच्या हातून काही चुकलं की त्याला आधी चार्जशीट मिळायची आणि मग इंग्रजीचा एक तास. तास घेणारे आमचे पर्सोनेल ऑफिसर, आणि शिकवायचा शब्द एकच, ‘एक्स्टेन्युएटिंग’. बाकीच्या इंग्रजीशी साहेबांचं जेवढ्यास तेवढं होतं. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेला माणूस. पोलीस ॲक्शननंतर वकिलीची परीक्षा दिली, वकिली काही चालली नाही, आणि चिकलठाण्याच्या माळावर एमआयडीसीतले कारखाने उभे राहायला लागले तेव्हा ते आमच्याकडे लागले. मी त्यांची टायपिस्ट होते. त्यामुळे तो तास मी किती वेळा ऐकला याला गणतीच नाही.

कपाळाला उभं गंध, डोक्यावर काळी टोपी, भर मे महिन्यात कानाला मफलर आणि कोटाच्या खिशात फुटाणे. फुटाणे स्वतःसाठी नसत. चौकशी सुरू करण्याआधी ते मूठभर फुटाणे कागदावर काढून समोरच्या माणसापुढं सरकवायचे. म्हणायचे, “खा आधी. भुकेला माणूस जास्त खोटं बोलतो.” भट्टीवरचा धिप्पाड गडी साहेबांसमोर स्टुलावर बसून भीत भीत फुटाणे चावतोय आणि मी यंत्रात कागद घालून त्याचं चावणं संपायची वाट बघतेय, अशी आमची न्यायदानाची सुरुवात व्हायची.

कामगारांच्या शिस्तीचे सरकारी नियम असतात, स्टँडिंग ऑर्डर्स म्हणतात त्यांना. त्यात एक ओळ आहे. शिक्षा ठरवताना गुन्हा केवढा, माणसाची आधीची वागणूक कशी आणि ‘एक्स्टेन्युएटिंग’ अशी काही परिस्थिती होती का, ते बघावं. दुसरे अधिकारी ही ओळ टाइप करून घ्यायचे आणि पुढं जायचे. आमचे साहेब त्या ओळीत बिऱ्हाड करून राहिले होते.

“उज्र म्हणजे सबब,” ते समजावायचे, “आणि माफी म्हणजे माफी. हा शब्द दोन्हींच्या मधला. कसूर आहे, पण दिसतो त्याहून जरा कमी आहे, असं दाखवणारी जी गोष्ट, ती ही. कसूरच नसेल तर या शब्दाला तिथं काही काम नाही. डिक्शनरीत याचा मूळ अर्थ काय दिलाय, ठाऊक आहे? पातळ करणं. पाहुणे वाढले की घरात आमटीत पाणी घालतात ना? आमटी पातळ होते. पण पाणी होते का?”

“नाय सायेब.”

“मग तुझा कसूर पातळ करू, पाणी नाही करणार. सांग आता.”

या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. सरकारी कोशात ‘सौम्यकारक’ असा शब्द सापडला तेव्हा ते दिवसभर चिडलेले होते. “हे काय खोकल्याचं औषध आहे का?” असं त्यांनी मला विचारलं, कॅशियरला विचारलं आणि चहा घेऊन आलेल्या कँटीनवाल्यालाही विचारलं. कँटीनवाला म्हणाला, “आडुळसा घ्या सायेब, लगेच फरक पडतो.”

शब्द कोणी चुकीचा वापरला की त्यांना चैन पडत नसे. पुण्याहून आलेल्या एका तरुण इंजिनियरनं कधीतरी नोट पाठवली, की एक्स्टेन्युएटिंग परिस्थितीमुळे क्रेन आज बंद राहील. त्याला बिचाऱ्याला ‘अचानक आलेली अडचण’ म्हणायचं होतं, आणि वजनदार शब्द दिसला म्हणून त्यानं तो उचलला होता. साहेब ती नोट हातात घेऊन मशीनशॉपमध्ये गेले आणि दहा माणसांत त्याला म्हणाले, “क्रेनचा कसूर काय?”

“मोटर जळालीय, सर.”

“ते झालं कारण. मी कसूर विचारतोय. क्रेन चालचलणुकीला कशी आहे? आधी कधी वाईट वागली होती का?”

त्यानंतर तो इंजिनियर सगळ्या नोटा मराठीत लिहायला लागला.

साहेबांचा हिशेब साधा होता. आधी कसूर कबूल करायचा, मग कारण सांगायचं, आणि कारण खरं वाटलं की शिक्षा निम्मी. एकदा पाळीवर झोपलेले दोन वॉचमन सापडले. पहिला म्हणाला, मी झोपलोच नव्हतो, डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होतो. त्याची पूर्ण शिक्षा लागली. दुसरा म्हणाला, “झोपलोच व्हतो सायेब. पोरीची हळद व्हती, रातभर जागरन झालं.” साहेबांनी टेबलावर थाप मारली. “निम्मं माफ!” त्यांचं म्हणणं असं, की अख्खी सबब नेहमी बनावट असते, खरी सबब कुठंतरी फाटलेलीच असते. हे वाक्य निदान मला तरी पटायचं, कारण आमच्या घरी सगळेच अख्ख्या सबबी सांगणारे होते.

‘निम्मं माफ’वरून कामगारांनी त्यांचं नाव निम्मेसाहेब पाडलं. शिवाय कामगार काही दूधखुळे नव्हते. त्यांनी साहेबांची नाडी बरोबर ओळखली. पुढं पुढं तर माणूस दारातून आत येतानाच हात जोडून म्हणायचा, “कसूर माजाच हाय सायेब!” हातातल्या चार्जशीटमध्ये काय लिहिलंय हे त्यानं अजून वाचलेलंही नसायचं. एका बहाद्दरानं तर दुसऱ्याचीच चूक मोठ्या उत्साहानं कबूल केली आणि तिला पोटदुखीचं कारणही दिलं. साहेबांनी त्याला निम्मी शिक्षा सुनावली, मग चार्जशीटवरचं नाव वाचलं, आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. दिवाळीत मी फराळाला गेले की त्यांची बायको माझ्याजवळ मन मोकळं करायची. “इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला एकदाही पुरतं माफ केलं नाही,” ती म्हणाली, “आणि एकदाही पुरता दोष दिला नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांग बाई.” साहेब झोपाळ्यावर बसून ऐकत होते आणि चकलीचा तुकडा मोडत होते. बायकोच्या बोलण्यात निम्मं तथ्य आहे, असं ते म्हणाले.

माणूस म्हणून ते मला आवडायचे. थोडे विक्षिप्त होते, पण त्यांच्यापुढं उभा राहिलेला माणूस लहान होत नसे. इतर साहेब लोक कामगाराला उभं करून झापायचे, हे त्याला बसवून फुटाणे द्यायचे. पण त्यांच्या न्यायात एक खोट होती, आणि ती दाखवून द्यायला सुखदेव यावा लागला.

सुखदेव भट्टीवर कामाला होता. आमच्याकडे मशीनचे गिअर बनायचे आणि ते कडक करायला भट्टीत घालावे लागत. तापमान राखणं हे तिथलं सगळ्यात जबाबदारीचं काम, आणि सुखदेव त्यात वाकबगार होता. गाव सिल्लोडकडचं. तो इथं मुकुंदवाडीत खोली करून राहायचा आणि माय, बायको, लेकरं गावाकडं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. कमी बोलणारा माणूस. निम्मेसाहेबांच्या स्टुलावर बसायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात मोर्चे निघत होते, बाजारपेठा बंद होत होत्या, आणि खेड्यांतून दलित वस्त्या जाळल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. आमच्या कँटीनमध्ये इतके दिवस एका बाकावर बसून एकमेकांचे डबे खाणारी माणसं वेगळ्या बाकांवर बसायला लागली. मोठ्यानं कोणी काही बोलत नव्हतं, पण भाकरी मोडतानाही प्रत्येक जण आजूबाजूला कोण बसलंय ते बघून घ्यायचा.

अशातच एके दिवशी सकाळी सुखदेव कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारून निघून गेला. जाताना भट्टी शेजारच्या गड्याला सोपवली होती, पण त्याला तापमान राखता आलं नाही आणि गिअरचा अख्खा लॉट जळून वाया गेला. सुखदेव काही दिवसांनी परत आला. गेटवरच त्याच्या हातात चार्जशीट पडली. परवानगीशिवाय काम सोडलं, भिंत ओलांडली, मालाचं नुकसान केलं. तिन्ही मिळून नोकरी जाण्याइतकं होतं. तो गावाकडची माणसं काढून आणायला गेला होता हे एव्हाना सगळ्या कारखान्याला कळलं होतं. एसटी बंद होती, फुलंब्रीपर्यंत ट्रकनं गेला, पुढं चालत. मायला पाठीवर घेऊन, मक्याच्या रानातून, बायकोलेकरांसकट तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी त्यांची वस्ती जाळली.

चौकशीच्या दिवशी साहेब खुशीत होते म्हटलं तरी चालेल. इतकं खणखणीत कारण त्यांच्यापुढं आजवर आलंच नव्हतं. निकालाचा मसुदा त्यांच्या डोक्यात तयार होता. नोकरी राहील, थोडे दिवस बिनपगारी, बस. त्यांनी फुटाणे पुढं केले. सुखदेवनं ते खाल्ले नाहीत.

“कसूर कबूल आहे ना?” साहेबांनी विचारलं.

“नाय सायेब.”

साहेबांना वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. “अरे, भिंतीवरून उडी मारलीस ना?”

“मारली.”

“लॉट जळाला?”

“जळाला. त्याचं वाईट वाटतं.”

“मग झालं! आधी कसूर कबूल कर. तुझ्याजवळ एवढं मोठं कारण आहे, पुढचं माझ्यावर सोड.”

सुखदेवसोबत युनियनचा एक जण बसला होता. त्यानं हळूच सुखदेवचा दंड दाबला. “चुकलो म्हन ना गड्या. एका शब्दानं काय हुतंय? नोकरी वाचंल.”

“चुकलो म्हनलं तं त्याचा अर्थ काय व्हतो?” सुखदेव त्याच्याकडं न बघता साहेबांना म्हणाला. “मी जायाला नको व्हतं, असाच ना? माय अन् लेकरं तिथंच जळू द्यायची अन् हितं गिअर भाजायचे. तुमी म्हनता, कारन हाय म्हून कसूर पातळ करतो. मी ते कारन कसूर पातळ करायला नाय आनलं सायेब. त्यात कसूरच नाय.”

साहेबांचा हात टोपीकडं गेला. त्यांच्या हिशेबात अख्खी सबब म्हणजे बनावट सबब. आणि समोर बसलेला माणूस तर खोटं बोलत नव्हता. त्याच्या पायावरच्या जखमा अजून ओल्या होत्या. मी टायपिंग थांबवून साहेबांकडं बघत राहिले.

“पण परवानगी?” साहेब अखेर म्हणाले. “पास न मागता जाणं हा तरी कसूर आहे की नाही?”

“पास मागितला व्हता.”

“कोणाकडं?”

“तुमच्याकडं.”

त्या दिवशी मी टाइपरायटरची रिबन आणायला शहागंजात गेले होते, म्हणून मला हे ठाऊक नव्हतं. पण साहेबांनाही ते आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. ते आठवताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. नको होतं पाहायला. पासाच्या खिडकीवर त्या सकाळी रांग लागली होती. पक्कं कारण असल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडू नका, असा वर्क्स मॅनेजरचा हुकूम होता. सुखदेवनं खिडकीत तोंड घालून पास मागितला. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, काम काय? तो म्हणाला, “घरी काम हाय.” साहेब म्हणाले, काम कोणाच्या घरी नसतं? आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

साहेबांनी फाईल मिटली. “ही चौकशी मला करता येणार नाही,” ते मला म्हणाले. “टाइप करा. मी या प्रकरणात साक्षीदार आहे.”

मग बरंच काही झालं. वर्क्स मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. दार लावून काही उपयोग नव्हता, त्या केबिनची भिंत प्लायवूडची होती. पास मागितल्याची कुठंही नोंद नाही, तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला, असं मॅनेजर सांगत होते. साहेबांची बढती तोंडावर आली होती, तिचाही उल्लेख झाला. साहेब बाहेर आले आणि मला म्हणाले, पाणी द्या. पेला रिकामा केला आणि जागेवर जाऊन बसले.

कंपनीनं चौकशीसाठी शहरातला एक वकील नेमला. तरुण, सभ्य मुलगा होता. साहेब त्याच स्टुलावर बसले ज्यावर इतकी वर्षं दुसऱ्यांना बसवलं होतं. पास मागितला होता, मी नाकारला, असं त्यांनी सरळ सांगितलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क कामगाराला असतो. युनियनवाला उठत होता, पण सुखदेव म्हणाला, मीच इचारतो.

“सायेब, त्या दिवशीचा पेपर तुमी वाचला व्हता?”

“वाचला होता. टेबलावरच होता.”

“माजं गाव तुमाला ठाव व्हतं?”

“होतं.”

“आमी कोन, ते ठाव व्हतं?”

“होय.”

“माज्यामागं रांगेत जे उभे व्हते त्यातले दोघं आदल्या दिशी कँटीनमधी मोर्चासाठी वर्गनी मागत फिरत व्हते. ठरावाच्या विरोधातल्या. त्यांच्यासमोर मी सांगू व्हय, का माजी वस्ती जाळायला निघालेत? हे तुमाला सांगायची वेळ माज्यावर कशाला आली सायेब? समदं तं तुमाला ठाव व्हतं.”

तो चढ्या आवाजात बोलला नाही. मी कित्येक साक्षी टाइप केल्या आहेत, पण इतकी लांब शांतता कागदावर कशी आणायची ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

तरुण वकिलाला त्यांची दया आली असावी. तो मऊ आवाजात म्हणाला, “साहेब, वरून हुकूम होता, रांग होती, कामगारानंही पूर्ण कारण सांगितलं नाही. पास नाकारण्यामागं काही एक्स्टेन्युएटिंग परिस्थिती होती, असं मी नोंदवू का?”

शब्द त्यांचाच. त्यांच्याच अर्थानं, अगदी बिनचूक वापरलेला. आणि वकील म्हणत होता ते खोटंही नव्हतं. हुकूम खरा होता, रांग खरी होती. दुसरा कोणी स्टुलावर असता तर साहेबांनीच टेबलावर थाप मारून निम्मं माफ केलं असतं.

“काही नाही,” साहेब म्हणाले. “लिहून घ्या. काही नव्हती.”

मी ते टाइप केलं. माझे डोळे भरून आले होते आणि मला मॅनेजरचा भयंकर राग आला होता, जणू सगळं त्यांनीच केलं होतं. खरं तर राग काढायला दुसरं कोणी जवळ नव्हतं.

पास मागितला होता आणि तो विनाकारण नाकारला गेला, हे खुद्द पर्सोनेल ऑफिसरनंच सांगितल्यावर परवानगीशिवाय काम सोडल्याचा आरोप टिकला नाही. बाकीचे दोन त्याच्यावरच टेकले होते, तेही गेले. सुखदेवची नोकरी राहिली. साहेबांची बढती गेली, ते सांगायला नकोच. त्यांच्याकडून चौकश्या काढून घेतल्या आणि कामगारांच्या बसेस वेळेवर येतात की नाही हे बघायला गेटवर उभं केलं. त्यांची जागा घेतलेला नवा साहेब हुशार होता. तो एका तासात चार चौकश्या उरकायचा आणि फुटाणे वगैरे भानगड नव्हती.

सुखदेव कामावर परतला त्या सकाळी मी बसमधून नुकतीच उतरले होते. साहेब मफलर गुंडाळून गेटपाशी उभे होते. सुखदेव सायकलवर आला. साहेब पुढं झाले आणि त्यांनी सायकलचा दांडा धरला. आत जाणारी चारदोन माणसं थबकली. काही झालं तर मध्ये पडावं म्हणून मीही थांबले.

“सुखदेव,” साहेब म्हणाले, “चुकलो.”

या माणसाचं बोलणं मी वर्षानुवर्षं टाइप केलं होतं. ‘चुकलो’ या शब्दापुढं त्यांच्याकडे पूर्णविराम कधी नसायचा, पुढं कारण यायचंच. मी त्या कारणाची वाट बघत उभी राहिले. ते आलं नाही. साहेब दांडा सोडून दोन पावलं मागं सरले आणि हात खाली सोडून उभे राहिले.

सुखदेवचा एक पाय जमिनीवर होता. त्यानं साहेबांकडं नीट पाहिलं. असू द्या म्हणाला नाही, झालं गेलं म्हणाला नाही.

“व्हय,” एवढंच म्हणाला, आणि सायकल हातात धरून आत गेला.